किल्ली हरवली म्हणून कुलूप फोडू नका

चाकणच्या बाजारात कांदा घालून घरी यावं आणि खिसा चाचपावा, तर मोटारीच्या खोलीची किल्ली गायब! वीज रात्रीची, पीक पाण्याला आलेलं. अशा वेळी हात हातोड्याकडे जातो. पण घावाने कुलूप जातं आणि दारही खिळखिळं होतं. त्यापेक्षा लाकडी चौकटीतला कोयंडा पहारीने उपसा. खोली उघडेल, आणि कुलूप बंद पण धड हाती येईल. आधी पाणी द्या, किल्लीचं उद्या पाहू.

शेतावर वापरतात ती बरीचशी कुलपं लिव्हरची असतात. आत पितळी पत्ते एकावर एक बसवलेले, प्रत्येकाला आपली स्प्रिंग. किल्लीची एकेक पायरी एकेक पत्ता उचलते. सगळे पत्ते नेमक्या उंचीवर आले, म्हणजे त्यांच्या खाचा एका रेषेत येतात, अडसराची खुंटी त्यातून सरकते आणि कडी सुटते. पत्ता कमी उचलला तरी अडतं, जास्त उचलला तरी अडतं. ही दुहेरी अडवणूक लंडनच्या रॉबर्ट बॅरनने १७७८ साली काढली. आपल्याकडे अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईच्या लालबागेत कुलपांचा कारखाना घातला.

आता उघडायचं कसं? कुलपाच्या पाठीवर रिव्हेटची डोकी दिसतात. ती कानशीने घासा, किंवा भोसरी-चाकणकडच्या एखाद्या वर्कशॉपात ड्रिलने उडवून घ्या. पत्रा हळूच उचला. खाली स्वच्छ फडकं हवंच; स्प्रिंग उडाली तर मातीत सापडायची नाही. पत्ते काढाल त्याच क्रमाने ओळीने मांडा. सारं काम या क्रमावर आहे. दोन पत्त्यांची अदलाबदल झाली, की जुनी दुसरी किल्ली कुठे सापडली तरी तीही लागणार नाही.

पत्ते पुन्हा जागेवर बसवा आणि भोकात बसेल अशी कोरी किल्ली दिव्याच्या काजळीवर धरा. ती घालून फिरवली, की पत्ता लागतो तिथली काजळी पुसते. खाच खुंटीच्या वर गेलेली दिसली तर तिथेच बारीक कानशीने दोन हात मारा, पुन्हा घालून पाहा. घाई नको. घासलेलं पितळ परत चिकटवता येत नाही. खोल गेलं की नवी कोरी किल्ली आणावी लागते. पत्रा उघडा असतानाच दहा-वीसदा फिरवून पाहा, मग नवे रिव्हेट ठोका. त्याच बैठकीत दुसरी किल्लीही करून घ्या.

करवती दात्यांच्या चपट्या किल्लीचं कुलूप मात्र घरी उघडू नका. त्यातल्या बारीक पिना सांडल्या तर जुळवणं अवघड. ते चावीवाल्याकडेच न्या. कुलूप तुमचंच ना, असं त्याने विचारलं तर रागावू नका. न विचारणाराच धोक्याचा.

आत ग्रीस भरू नका, धूळ चिकटून पत्ते जाम होतात. पेन्सिलीच्या शिशाची पूड पुरते. पावसाळ्यात वरून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा झाकणासारखा लावा.