जखमीच्या खाटेजवळ कोण बसणार?

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील ओकलंड हे शहर आंबेडकरी चळवळीला परके नाही. 1966 साली ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष स्थापन केला तो याच शहरात, आणि त्याच नावावरून 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्याच ओकलंडमधील आणखी एका कामाकडे मात्र आपल्या चळवळीचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. हे काम चालते सरकारी रुग्णालयात, जखमीच्या खाटेजवळ.

शेर्मन स्पिअर्स हा तरुण 1989 साली गोळी लागून कायमचा व्हीलचेअरवर आला. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण या पोराशी बोलायचे काय हे त्यांना उमजत नव्हते. भेटायला येणारे मित्र बदल्याच्या गोष्टी करीत. 1994 साली त्याने 'यूथ अलाइव्ह' या संस्थेबरोबर हायलँड रुग्णालयात 'कॉट इन द क्रॉसफायर' हा कार्यक्रम सुरू केला. गोळी लागलेला तरुण दाखल झाला की रुग्णालय संस्थेला कळवते आणि तशाच वस्तीत वाढलेला कार्यकर्ता खाटेजवळ येऊन बसतो. तो ना पोलीस, ना डॉक्टर. उपदेशही करीत नाही. घरी परत जाणे धोक्याचे आहे काय, बदला घ्यायला कोण निघाले आहे, हे आधी विचारतो. मग घर बदलणे, नुकसानभरपाईचा अर्ज, शाळा, नोकरी, कोर्टाची तारीख. सुटी मिळाल्यावरही कित्येक महिने तो साथ सोडत नाही.

बाल्टिमोरचे कृष्णवर्णीय शल्यचिकित्सक डॉ. कार्नेल कूपर यांनी तेच तेच तरुण पुन्हा जखमी होऊन येताना पाहिले आणि 1998 साली असाच कार्यक्रम उभा केला. आज अमेरिकेतील अनेक शहरांत हे काम चालते. 2022 च्या कायद्याने कॅलिफोर्नियाने गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्यातून त्याच्या खर्चाची सोय केली. (सत्ता मेहेरबान झाली असे मात्र कोणी समजू नये. एप्रिल 2025 मध्ये तिथल्या केंद्रीय न्याय विभागाने अशा कामांची अनेक अनुदाने एका फटक्यात रद्द केली.)

आता आपल्याकडे पाहू. ओकलंडमध्ये गोळी मारणारा बहुधा जखमीसारख्याच वस्तीतला असतो. आपल्या खेड्यातील अत्याचारात मारणाऱ्याच्या मागे जमीन, सरपंचपद आणि पोलीस पाटील उभे असतात. म्हणून तिथला कार्यकर्ता बदला थांबवतो, आपल्या कार्यकर्त्याला तडजोड थांबवावी लागेल. अ‍ॅट्रॉसिटीच्या खटल्यांचे कागद चाळताना आम्हांला हेच दिसते की, केस कोर्टात हरण्याआधी पुष्कळदा वॉर्डातच हरलेली असते. गावचे प्रतिष्ठित फळे घेऊन येतात, "गावातच राहायचे आहे ना?" म्हणतात. जबाब गुळमुळीत होतो, जातिवाचक शिवीगाळ त्यात येतच नाही, आणि तिकडे जखमीवरच दरोड्याची उलटी फिर्याद दाखल होते. फाटलेल्या डोक्याची नोंद 'साधी दुखापत' अशी झाली तर तिला आव्हान द्यायचे कोणी? जखमीला तर कागदावर काय लिहिले हेही कोणी सांगत नाही.

अत्याचार प्रतिबंधक नियम, 1995 मधील नियम 11 म्हणतो की जखमीची औषधे, तज्ज्ञांचा सल्ला, रक्त, कपडे, जेवण यांचा खर्च जिल्हा दंडाधिकाऱ्याने द्यावा किंवा भरून द्यावा. जानेवारी 2016 पासून लागू झालेल्या कलम 15-अ ने पीडितांना आणि साक्षीदारांना संरक्षणाचा व पुनर्वसनाचा हक्क दिला. कायदा आहे. तो खाटेजवळ वाचून दाखवणारा माणूस नाही, आणि मागितल्याशिवाय कोणी देत नाही हा आमचा अनुभव आहे.

नियम 17 प्रमाणे जिल्हा दक्षता व संनियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी. समितीवर आपल्या समाजाचे अशासकीय सदस्यही असतात. त्यांनी पुढच्या बैठकीत जिल्हाधिकाऱ्यांना दोन प्रश्न लेखी विचारावेत. गेल्या वर्षी नियम 11 खाली किती जखमींना पैसे मिळाले? आणि जिल्हा रुग्णालयात आमच्या कार्यकर्त्याला जखमीच्या खाटेजवळ बसण्याची परवानगी कधी देता?