बीएमएक्सची उडी : रॅम्प सर्वांत शेवटी!

रील्समध्ये हवेत झेपावणारी बुटकी सायकल पाहिली की आपणही एकदा उडी मारावी असं वाटतंच. २० इंची चाकांची ही सायकल म्हणजे बीएमएक्स. १९७०च्या सुमारास अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात मुलांनी मातीच्या ट्रॅकवर सुरू केलेला हा खेळ २००८मध्ये बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहोचला आणि २०२१मध्ये टोकियोत त्याचा कसरतींचा फ्रीस्टाइल प्रकारही आला. तुम्हालाही शिकायचंय? मग सुरुवात सपाट जमिनीवर करा.

आधी तयारी
मुलांची साधी सायकल उड्यांसाठी बनवलेली नसते. आदळून तिचा चिमटा वाकू शकतो. बीएमएक्स असली तरी ब्रेक, हँडलचे बोल्ट आणि टायरमधली हवा दरवेळी तपासा. सीट खाली घ्या. हेल्मेट, गुडघ्या-कोपरांचे पॅड, हातमोजे आणि सपाट तळाचे बूट हवेतच.

उभं राहायला शिका
दोन्ही पेडल एका पातळीत ठेवा, सीटवरून उठा, गुडघे आणि कोपर थोडे वाकवा आणि सायकल सावकाश जाऊ द्या. उडीचा जोर आणि उतरतानाचा धक्का, दोन्ही हेच सांधे सांभाळतात.

बनी हॉप
अंग खाली दाबा, मग हात सरळ करत वजन मागे न्या. पुढचं चाक उचललं जाईल. नुसतं हातांनी ओढू नका. लगेच पाय सरळ करत उभे राहा, पायाची बोटं खाली वळवून पेडल मागे आणि वर रेटा, हँडल पुढे ढकला. मागचं चाकही वर येईल. दोन्ही भाग आधी वेगवेगळे घोटा. मग खडूची रेघ ओलांडा, नंतर पुठ्ठ्याचं रिकामं खोकं.

मग टेबलटॉप
या रॅम्पला चढ, वर सपाट भाग आणि पुढे उतार असतो. मध्ये मोकळी जागा नसल्याने उडी कमी पडली, तरी तुम्ही सपाट भागावरच उतरता. आधी न उडता त्यावरून जा, मग वेग थोडा थोडा वाढवा. नजर चाकावर नको, उतारावर ठेवा. तिथेच दोन्ही चाकं टेकवा आणि गुडघे वाकू द्या.

पालकांसाठी
मुलांना सरसकट ‘नको’ म्हणू नका, क्रम पाळायला लावा. दहापैकी आठ वेळा रेघ नीट ओलांडली, तरच खोकं. डोक्याला मार लागला, तर त्या दिवशी सायकल बंद आणि थेट डॉक्टरांकडे. दमल्यावर ‘आता शेवटची एक’ म्हणून उडी मारायचीच नाही, हा नियम मात्र लहान-मोठ्या सगळ्यांनाच लागू!