शेकोटीच्या लाकडाची गिटार आणि सूर्याभोवतीची धूळ

लंडनच्या कडेला फेल्टम म्हणून वस्ती आहे. तिथल्या एका घरात १९६३च्या ऑगस्टात बापलेक एक लाकूड पुढ्यात घेऊन बसले होते. लाकूड तरी कसलं, तर कुणा ओळखीच्यांकडची जुनी शेकोटी मोडली, तिच्यावरची महोगनीची चौकट टाकायला निघाली होती, ती यांनी मागून आणली. शंभर वर्षांचं पिकलेलं लाकूड, पण किडीनं ठिकठिकाणी पोखरलेलं. पोराचं नाव ब्रायन मे, वय सोळा. त्याला हवी होती विजेची गिटार, आणि दुकानातल्या अमेरिकन गिटारी घरच्या ऐपतीबाहेरच्या. वडील हॅरल्ड सरकारच्या विमानखात्यात आराखडे काढायचे, आणि हाताला असा गुण, की घरातला टीव्ही त्यांनी स्वतः जोडलेला, पोराला आकाश बघायला दुर्बीणही त्याला हाताशी घेऊन घरीच केलेली. अशा घरात एखादी वस्तू परवडत नाही म्हटलं, की ती करायला बसायचं, एवढाच त्याचा अर्थ.

मग बसले की हो, चांगले दोन वर्षं! चौकटीच्या लाकडातून गिटारीची दांडी कोरून काढली, किडीच्या भोकांत आगपेटीतल्या काड्या ठोकून ती बुजवली. धडाचा गाभा जुन्या टेबलाच्या ओक लाकडाचा. दांडीवर कुठे बोट ठेवायचं त्याच्या खुणा म्हणजे आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. सूर थरथरवायला एक दांडा लागतो, तो झाला सायकलच्या पिशवीच्या कडीचा, आणि त्याच्या टोकाला बसली आईच्या विणायच्या सुईची टोपी. तारांचा ताण तोलायला स्प्रिंगा हव्यात, त्या निघाल्या १९२८ सालच्या एका पँथर मोटरसायकलच्या इंजिनातून. सगळा मिळून खर्च आठेक पौंड. लाल रंगाची म्हणून पुढे तिला रेड स्पेशल म्हणू लागले.

आता विजेची गिटार वाजते कशी, ते ऐका, कारण मौज तिथेच आहे. तार पोलादाची, तिच्याखाली लोहचुंबक, आणि चुंबकाभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र थरथरतं, आणि त्या वेढ्यांत नखभर वीज उठते. ती वाढवून कर्ण्याला दिली की आवाज. या पोरानं पहिले वेढेसुद्धा घरीच यंत्र करून गुंडाळले होते, पण तार बाजूला ओढून सूर चढवायला गेलं की आवाज खरखरायचा, म्हणून शेवटी ते तेवढे विकतचे बसवले. आणि कर्ण्यातून निघालेला आवाज गिटारीच्या अंगावर परत आदळला, लाकूड हललं, लाकडानं तार हलवली, तर सूर मरतच नाही, गातच राहतो. बाकीचे या प्रकाराला खोड समजून टाळायचे. यांनी धडात मुद्दाम पोकळ्या ठेवल्या, की हा सूर यावा आणि गोड यावा. वाजवायलाही प्लॅस्टिकची पट्टी नाही, सहा पेन्सचं नाणं. त्याच्या कडेच्या दाताळ्या तारेवर घासल्या, की प्रत्येक सुराच्या आधी किंचित खरखर लागल्यासारखी होते, ध्यान देऊन ऐका कधी.

असं हे पोरगं पुढे लंडनच्या इंपीरियल कॉलेजात भौतिकशास्त्र शिकलं आणि १९७०मध्ये पीएचडीला बसलं. विषय घेतला धुळीचा. कौल सरकून घरात कवडसा पडला, की त्यात धूळ नाचताना दिसते ना, तशी सूर्याभोवती, ग्रह फिरतात त्या पातळीत, बारीक धूळ पसरली आहे, धूमकेतूंनी सांडलेली, लघुग्रह एकमेकांवर आपटून उडालेली. तिच्यावर ऊन पडतं आणि ती उजळते. त्याला राशिप्रकाश म्हणतात. आपल्याकडेही दिसतो बरं. फेब्रुवारी-मार्चात, चंद्र नसताना, शहराच्या दिव्यांपासून लांब गेलं, की पुरता अंधार पडल्यावर पश्चिमेला क्षितिजातून वर चढलेला एक पांढुरका सुळका दिसतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात तोच पहाटे पूर्वेला दिसतो, आणि त्याला फसून माणसं उजाडलं समजून उठतात, म्हणून मुसलमानांत त्याला खोटी पहाट म्हणायची जुनी रीत आहे.

ही धूळ फिरते कुठल्या दिशेनं, किती वेगानं? हात लावून बघायची सोय नाही. पण रेल्वे शिट्टी वाजवत आपल्याकडे येते तेव्हा शिट्टी चढी लागते आणि पुढे निघून गेली की उतरते, तसंच प्रकाशाचंही होतं. सूर्यप्रकाशाच्या हिरव्या पट्ट्यात मॅग्नेशियमच्या वाफेमुळे पडलेली एक काळी रेघ असते. धुळीवरून परतलेल्या उजेडात ती रेघ जागची किती हलली ते मोजलं, की धुळीचा वेग कळला. सुराची उंची कानानं जोखणारा माणूस इथे उजेडाची उंची जोखत बसला होता, आणि मला तर वाटतं त्याला ही दोन कामं वेगळी वाटलीच नसतील. त्यासाठी १९७१-७२मध्ये तो टेनेरिफ बेटावर, सुमारे २४०० मीटर उंचीवरच्या वेधशाळेत जाऊन राहिला. कामाचा पहिला निबंध १९७२मध्ये 'नेचर'मध्ये आला.

पण तोवर दुसरीकडे बँड जमला होता. त्यात गायला आलेला फारुख बलसारा, म्हणजेच फ्रेडी मर्क्युरी. झांझिबारमध्ये जन्मलेला हा पारशी मुलगा शिकला कुठे, तर आपल्या साताऱ्यातल्या पाचगणीला, सेंट पीटर्स शाळेत. पियानो तिथेच वाजवायचा, आणि पोरांचा मिळून एक बँडही तिथे होता. रॉजर टेलर, जॉन डीकन आणि हे दोघं, अशी ती क्वीन. १९७४च्या सुमारास प्रबंध जवळजवळ लिहून होत आला असताना ब्रायननं तो बाजूला ठेवला. गिटार ज्या बापानं हातानं करून दिली, त्यालाच हे रुचेना. बरेच महिने दोघांत धड बोलणं नव्हतं. पुढे मुलानं वडिलांना कॉन्कॉर्ड विमानानं न्यूयॉर्कला नेलं, मॅडिसन स्क्वेअर गार्डन भरलेलं दाखवलं, तेव्हा कुठे त्यांच्या मनातली गाठ सुटली.

पुढची कीर्ती जगाला ठाऊक आहे, ती मी घोळवत बसत नाही. पण १९७७ची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. 'वी विल रॉक यू' हे गाणं ब्रायनचं. त्याला हवा होता अख्ख्या जमावानं पाय आपटल्याचा दणका, आणि स्टुडिओत माणसं मूठभर. तो स्टुडिओ होता जुन्या चर्चच्या इमारतीत, तिथे पडलेल्या फळ्यांवर सगळ्यांनी पाय आपटले, टाळ्या दिल्या, आणि तेच पुन्हापुन्हा ध्वनिमुद्रित केलं. मग या पदार्थविज्ञानाच्या पोरानं हिशेब मांडला. मोठ्या जमावात जवळच्याचा आवाज आधी येतो, लांबच्याचा मागून. म्हणून प्रत्येक दणक्याच्या मागे थोड्या उशिरानं त्याच्याच नकला जोडायच्या. पण हे उशीर एकमेकांच्या पटीत असले, तर कानाला सरळ प्रतिध्वनी ऐकू येणार, दरीत हाक मारल्यासारखा. म्हणून त्यानं ती अंतरं मूळ संख्यांच्या प्रमाणात ठेवली, म्हणजे ज्यांना एक आणि स्वतःखेरीज कशानं भाग जात नाही. मग कुठलीच नक्कल दुसरीशी जुळत नाही, आणि मूठभर माणसांचा हजारोंचा मेळा होतो. त्या दणक्यात ढोल नाही, हे पुष्कळांना खरंच वाटत नाही.

इकडे धूळ आपली फिरत होती. १९८३मध्ये आयरास नावाच्या उपग्रहानं तिच्यात पट्टे शोधले, लघुग्रहांच्या कुळांशी नातं सांगणारे. पण तिचा वेग मोजायच्या नादाला फारसं कुणी लागलं नव्हतं, म्हणून २००६मध्ये, साठीला टेकलेला ब्रायन जुनी कागदपत्रं घेऊन इंपीरियलला परत गेला, तेव्हा त्याच्या त्या नोंदी अजून कामाच्या होत्या. मायकल रोवन-रॉबिन्सन यांच्या हाताखाली त्यानं मधल्या तीसेक वर्षांचं वाचन भरून काढलं आणि २००७मध्ये प्रबंध दिला. धूळ बहुतांशी ग्रहांच्याच दिशेनं फिरते, असं त्याच्या मोजण्यांतून दिसलं. पदवी मिळाली २००८मध्ये, रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये. स्वतःच्या हयातीत इतकं नाव कमावलेला माणूस परीक्षकांपुढे विद्यार्थी म्हणून बसतो, दुरुस्त्या करून देतो, याचं मला त्या पदवीपेक्षा अप्रूप वाटतं.

लहानपणापासून त्याला जोडचित्रांचा नाद. दोन डोळ्यांना जरा वेगळी दोन चित्रं दाखवली, की खोली दिसते. नासाचं यान बेन्नू या लघुग्रहाभोवती फिरत होतं, तेव्हा त्यानं आणि त्याच्या सहकारी बाईंनी यानाच्या चित्रांतून अशा जोड्या जुळवून दिल्या, म्हणजे कुठे दगडांची रास उंच आहे, कुठे उतरायला बरं, ते शास्त्रज्ञांना डोळ्यांनी बघता येईल. २०२०च्या ऑक्टोबरात यानानं बेन्नूला हात लावून तिथले खडे उचलले. २४ सप्टेंबर २०२३ला ते खडे घेऊन आलेली कुपी युटाच्या वाळवंटात उतरली, तेव्हा शहात्तर वर्षांचा ब्रायन तिथे नव्हता, क्वीनच्या दौऱ्याची तालीम चालू होती, त्यानं निरोप तेवढा धाडला. कुपीत १२१.६ ग्रॅम माल निघाला, ठरवल्याच्या दुपटीहून जास्त, आणि सजीवांची प्रथिनं ज्या वीस अमिनो आम्लांची बनतात त्यांतली चौदा त्या काळ्या खड्यांत सापडली.

अशाच गोट्यांची भुकटी राशिप्रकाशात असते. बघायचा असेल तर माघातल्या अमावास्येला माळावर चला माझ्याबरोबर. सूर्य बुडून सव्वा-दीड तास झाला, की पश्चिमेला बोट करून दाखवतो. तोवर बॅटरी मात्र कुणी लावायची नाही.