वाडीत ऊन आलं

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्याला धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला होता. ३१ मे रोजी अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झाल्यापासून हवामान विभागाचं त्यावर लक्ष होतं. इशारे वेळेवर मिळाले, किनाऱ्यालगतची माणसं सुरक्षित जागी हलवली गेली आणि वादळाच्या मानाने प्राणहानी फार कमी झाली. या कामाचं मोल मोठं आहे. बागायतींचं नुकसान मोजताना मात्र माप चुकलं.

त्या दिवशी आम्ही श्रीवर्धनच्या घरी होतो. टाळेबंदीमुळे मुंबईची भावंडंही गावीच होती. वारा आधी डोंगराकडून आला. कौलांच्या ओळीच्या ओळी उडाल्या, पडवीचे पत्रे शेजारच्या आवारात जाऊन पडले. सगळे माजघरात भिंतीला टेकून बसलो होतो. मध्येच वारा पडला. मुलं उठायला लागली, तसे काका म्हणाले, "कुणी बाहेर जायचं नाही. अजून संपलेलं नाही." थोड्याच वेळात समुद्राकडून वारा सुटला. आपल्याकडे चक्रीवादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतं. त्याचा मध्य डोक्यावरून गेला की वारा उलटा वाहू लागतो. पहिल्या वाऱ्याने मुळं ढिली केलेली झाडं दुसऱ्याने आडवी केली. पोफळी मधोमध मोडल्या, माड मुळासकट उपटले गेले.

संध्याकाळी काकू मागच्या दारी गेल्या आणि तिथेच थबकल्या. म्हणाल्या, "या वाडीत एवढा उजेड मी कधी बघितला नव्हता."

श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली आहे, आणि ती पिकते सावलीत. वर माड, त्याखाली पोफळ, तिच्या आडोशाला जायफळ, पोफळीवर चढवलेला मिरीचा वेल, अशी इथली वाडी असते. पोफळीच्या खोडाला दुपारचं पश्चिमेचं ऊन सोसत नाही. साल करपते, खोडाला चिरा जातात आणि पुढे झाड तिथेच मोडतं. म्हणून वादळात तगलेल्या पोफळीही धोक्यात येतात. नवं रोप लावलं तर पहिली सुपारी धरायला पाच-सात वर्षं, आणि वाडी पुन्हा दाट व्हायला त्याहून कितीतरी अधिक.

या नुकसानीला सरकारने आधी हेक्टरचं माप लावलं. फळबागांची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार रुपये केली, कमाल दोन हेक्टरपर्यंत. वाढ मोठी होती, पण इथल्या वाड्या गुंठ्यांत मोजल्या जातात. हेक्टरी ५० हजार म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. पाच गुंठ्यांच्या वाडीला अडीच हजार, आणि सातबारावर चार भावांची नावं असली तर प्रत्येकाला सहाशे पंचवीस. बागायतदारांनी हे सतत मांडल्यावर पुढे झाडामागे मदत ठरली: सुपारीला ५० रुपये, माडाला २५० रुपये. झाड मोजायचं तत्त्व मान्य झालं, ही जमेची बाजू. रक्कम मात्र पडलेला माड तोडून वाडीबाहेर काढण्याच्या मजुरीलाही पुरणारी नव्हती, आणि कालचं रोप व तीस वर्षांची पोफळ यांत तिने फरक केला नाही.

असं वादळ पुन्हा येणार नाही, या भरवशावर आता राहता येत नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान आलं होतं. निसर्गनंतर वर्षही झालं नव्हतं, तोच मे २०२१ मध्ये तौक्ते कोकणाला झोडपत गुजरातकडे गेलं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली. समुद्राचं वाढतं तापमान हे त्यामागचं मुख्य कारण.

म्हणून पुढच्या वादळाआधी तीन गोष्टी व्हायला हव्यात. प्रत्येक वाडीतल्या झाडांची वयासह नोंद गावपातळीवर आधीच असावी. मदत झाडाचं वय आणि पुन्हा उत्पन्न सुरू होईपर्यंतची वर्षं धरून ठरावी. आणि उरलेल्या पोफळींना सावली देण्यासाठी केळीसारखी झटपट वाढणारी झाडं लावायला पहिल्याच पावसात पैसा मिळावा. इशाऱ्यांची व्यवस्था उभी करून आपण माणसं वाचवली. तीच शिस्त आता वाड्यांसाठी लावली पाहिजे.