तोडक्या जपानीवर जपानमध्ये नोकरी मिळते का?

अमेरिकेत एच-१बी व्हिसावरील व्यक्तीची नोकरी सुटली, की दुसरी शोधण्यासाठी जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. अशा वेळी जपानचा विचार मनात आला, तरी भाषेची भीती आडवी येते.

व्हिसापुरती ही भीती बरीचशी निराधार आहे. उच्चकुशल परदेशी व्यावसायिकांसाठी जपानने २०१२ मध्ये गुणपद्धती आणली. शिक्षण, अनुभव, वेतन, वय इत्यादींचे मिळून ७० गुण पुरेसे असतात. जपानी येणे सक्तीचे नाही. ८० गुण असतील, तर वर्षभराच्या वास्तव्यानंतर कायम निवासासाठी अर्ज करता येतो. ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षे तिष्ठणाऱ्यास हे खरे वाटणे कठीणच!

परंतु या व्हिसासाठी आधी नोकरी हाती हवी, आणि भाषा अडते ती तेथेच. राकुतेनने २०१२ मध्ये इंग्रजी ही कंपनीच्या कामकाजाची भाषा केली. मात्र अशा कंपन्या थोड्या आणि तेथील स्पर्धा जगभरातील उमेदवारांशी. अन्यत्र बैठका, कागदपत्रे, ग्राहकांशी बोलणी सारे जपानीत चालते. तेथे बहुधा जेएलपीटी परीक्षेची एन-२ पातळी अपेक्षित असते. गुणपद्धतीतही तिला १० गुण आहेत. पुण्यात ही परीक्षा जुलै व डिसेंबरमध्ये देता येते, अमेरिकेत केवळ डिसेंबरमध्ये. साठ दिवसांच्या मुदतीत ती बसणे दुरापास्तच, म्हणून तयारी नोकरी शाबूत असतानाच सुरू व्हायला हवी. मुलाखतीसाठी बोलण्याचा सराव मात्र स्वतंत्रपणे करावा लागतो, कारण या परीक्षेत संभाषणाची चाचणीच नसते.