वाहनात हॅम रेडिओ संच बसविताना

दि. २६ जानेवारी २००१ रोजी गुजरातेत भूकंप झाला. भूज परिसरातील दूरध्वनी बंद पडले, तेव्हा हौशी रेडिओचालकांनी, म्हणजेच 'हॅम' मंडळींनी, निरोप पोहोचविण्याचे मोलाचे कार्य केले. असा संच वाहनात असल्यास गरज असेल तेथे नेता येतो. परंतु जोडणी सदोष असल्यास तोच आगीस कारण ठरू शकतो. म्हणून जोडणीविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

५० वॅटचा संच बोलताना सुमारे १० ते १२ अँपिअर वीज घेतो. ती सिगारेट लायटरच्या खाचेतून घेऊ नये. (लहान हातसंचास ती पुरते.) तांब्याची जाड तार थेट बॅटरीपासून आणावी व फ्यूज बॅटरीच्या अगदी निकट बसवावा. फ्यूज केवळ संचापाशी असला आणि वाटेत तार पत्र्याला घासून सोलली गेली, तर त्या मधल्या तारेस कोणतेच संरक्षण उरत नाही. पत्र्याच्या छिद्रात रबरी कडे अवश्य घालावे. आमच्या मते सर्वाधिक दुर्लक्ष याच क्षुल्लक वस्तूकडे होते.

१४५ मेगाहर्ट्झसाठी पाव तरंगलांबीचा अँटेना सुमारे ५० सें.मी. भरतो. टपाचा पत्रा हा त्याचाच उरलेला अर्धा भाग होय, म्हणून टपाचा मध्य उत्तम. फायबरच्या टपावर चुंबकी बैठक चिकटत नाही आणि तो पत्र्याचे कामही करीत नाही.

प्रक्षेपणापूर्वी एसडब्ल्यूआर मापकावर १.५ हून कमी आकडा पाहावा. केंद्र शासनाचा परवाना तर आधीच हाती हवा.