लोडिंग स्क्रीनमागचे काम

संगणक सुरू करताना कंपनीचे चिन्ह आणि त्याखाली फिरणारे ठिपके दाखवणारी लोडिंग स्क्रीन ही निव्वळ थांबण्याची जागा मानली जाते; परंतु याच काळात यंत्र आपली उपकरणे तपासते, कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, डिस्कवरून मेमरीत आणते आणि उपकरणांशी व्यवहार करणारे किंवा यंत्रावर पहारा ठेवणारे ‘ड्रायव्हर’ नावाचे प्रोग्राम त्याला जोडते. या टप्प्यावर काही बिघडले तर पुढचे सारेच अडते.

19 जुलै 2024 रोजी दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळावर नेमके हेच अनुभवास आले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या सदोष फाइलमुळे तिचा ड्रायव्हर मेमरीतील भलत्याच जागी वाचू लागे, विंडोज स्वतःच्या रक्षणासाठी काम थांबवून निळा पडदा दाखवी, यंत्र आपोआप पुन्हा सुरू होई आणि त्याच फाइलपाशी पुन्हा कोसळे. परिणामी उड्डाणांची माहिती पांढऱ्या फलकावर हाताने लिहावी लागली. ती फाइल कंपनीने 78 मिनिटांत मागे घेतली, तरी नेटवर्कपर्यंत न पोहोचू शकणाऱ्या यंत्रांना त्याचा उपयोग नव्हता. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगभरातील 85 लाख यंत्रे बाधित झाली होती, आणि त्यांपैकी अनेक यंत्रांसमोर तंत्रज्ञाला स्वतः बसून, मोजकेच ड्रायव्हर घेऊन चालणाऱ्या ‘सेफ मोड’मध्ये शिरून, ‘सी-00000291’ने सुरू होणारी फाइल पुसावी लागली, डिस्क कुलूपबंद असेल तर त्याआधी 48 अंकी किल्लीही टंकावी लागे.

बिघाड नसतानाही लोडिंग स्क्रीनसमोर थांबावे लागतेच. अशा वेळी कामाची प्रगती दिसत राहिली तर माणसाला वाट पाहणे सुसह्य होते, हे संगणक-संशोधक ब्रॅड मायर्स यांनी 1985 मध्येच दाखवून दिले होते. फिरते ठिपके मात्र प्रगती सांगत नाहीत, फक्त हालचाल दाखवतात, आणि हा मोठाच उणेपणा आहे. उबुंटू या कार्यप्रणालीत मात्र लोडिंग स्क्रीनवर एस्केप दाबले की पडद्यामागच्या नोंदी ओळीओळीने दिसू लागतात. अशी सोय असलेला संगणक सुरू होताना रेंगाळला, तर तो वारंवार बंद-चालू न करता पडद्यावरची शेवटची ओळ टिपून तंत्रज्ञाला कळवावी. दुरुस्तीचा निम्मा शोध तिथेच लागतो.